विकणे आहे

बाबा खाटेवर, मी दारात मोबाईल घेऊन.
लिख, म्हणतात.
गाडी इकनी शे.
मी लिहिते: विकणे आहे. एमजी, दोन दारांची, दोन माणसांची,
विलायती, साल त्रेपन्न. ठिकाण धरणगाव.
पुढे काय?
जे शे ते लिख.

जे आहे ते असं:
भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला डॉक्टर ऑस्ट्रेलियाला गेला
आणि ही निंबाखाली राहिली, एकोणीस वर्षं.
बॉनेटमध्ये मुंगूस व्यालं होतं.
उखर्डू मिस्तरींनी ती भंगाराच्या काट्यावर घेतली, किलोनं,
मुंगसाचं वजन वजा करून.
(हे लिहू नको, म्हणाले. तोवर लिहून झालं होतं.)

पाने बसेनात.
जळगावच्या दुकानांत सगळे मिलिमीटरचे,
हिचा नट इंचाचा, तोही कुठल्या तरी जुन्या इंचाचा.
मग आठवलं, बंद पडलेल्या जीनमध्ये
सरकी काढणारी यंत्रं त्याच मुलखातून आली होती,
त्याच बोटीच्या पोटातून म्हणा ना.
वॉचमनला भरताची पार्टी झाली
आणि तेलकट पोत्यातून तेवीस पाने घरी आले.
पहिलाच पाना नटावर असा बसला
की बाबा त्या दिवशी जेवायचे विसरले.

दारांचा सांगाडा लाकडी. कुजलेला.
आता यावलकडच्या शिवणीचा आहे.
सीटचं चामडं चोपड्याचं, शिलाई भिकन अहिरेंची.
रंग इसाक पेंटरचा, जो केळीचे ट्रक रंगवायचा.
हिरवा, पण कोंबाचा नव्हे, घड उतरवल्यानंतरच्या पानाचा.
मागच्या बंपरखाली त्यानं न विचारता
बोटाएवढ्या अक्षरांत ‘सावकाश’ लिहिलंय.
पुसलं नाही.

ओरिजिनल किती, लोक विचारतील.
इंजिनाचा ब्लॉक. हॉर्न.
आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ, जे चालत नाही.

दोषही टाक, म्हणतात.
तेल गळतं. खाली परात ठेवावी, परात सोबत मिळेल.
मे महिन्यात अकरानंतर काढू नये,
पेट्रोलची वाफ होऊन बंद पडते, मग पंपावर ओलं फडकं टाकून
सावलीत ताक पीत बसायचं.
छप्पर आहे. लावायला अर्धा तास लागतो,
तोवर सर थांबते.

वरातीला कधी दिली नाही. मोठमोठे मागून गेले.
माणसाच्या चालीनं चालवली तर क्लच जळस, भाऊ,
एवढं बोलून चहा पाजायचे.
मी चौदाची असताना मात्र किल्ली माझ्या हातावर ठेवली,
एरंडोल रस्त्यावर, उजाडायच्या आत.
गिअर करकरला.
ओरडले नाहीत, फक्त स्वतःचा जबडा धरला
दाढ दुखावी तसा.

किंमत?
बराच वेळ गप्प. मग एक आकडा.
मी टाकेपर्यंत दुसरा, वाढलेला.
आणि पाने? सोबत द्यायचे?
पाना नही.
पाण्याशिवाय ती उघडणार कशी, बाबा, घेणाऱ्याकडे?
भिंतीकडे बघतात. तेवीस खिळे, तेवीस पाने,
लहानापासून मोठ्यापर्यंत.
पाना नही देवाना.

शेवटचा रकाना: विकण्याचं कारण.
सीट जमिनीपासून वीतभर उंच.
बाबा अजूनही बसतात, पूर्वीसारखे, एका झटक्यात.
उठता येत नाही.
मग मी एका काखेत हात घालते, दुसऱ्या काखेत शेजारचा गोटन,
आणि बाबा वर येताना आभाळाकडे बघत राहतात,
आमच्याकडे नाही.
मी लिहिते: गुडघे. खोडते.
लिहिते: जागेची अडचण.
आमच्या शेडमध्ये तीन ट्रॅक्टर मावतील.
खोडते.

विचारावं म्हणून मान वर करते
तर खाट रिकामी.
शेडमधून हॉर्न, दोनदा.
म्हणजे ये, उचल.
मोबाईल ओट्यावर उपडा ठेवून
मी गोटनला हाक मारते.